पहाटे चारला जाग येते त्याबद्दल, माझा अनुभव (जरा मोठं झालंय)

पहाटे चारला जाग येते, छातीत धडधडतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि दिवसभर घरच्यांवर चिडचिड, हे तुमचं वाचलं आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच आठवलो, म्हणून लिहितोय. व्यायाम करा, पाणी प्या हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे, ते परत सांगत नाही. मी डॉक्टर नाही, स्वतःवर बेतलं तेवढंच सांगतो.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे काम वाढलं तेव्हा मी वेळ झोपेतून काढला. मग संध्याकाळचं चालणं बंद, मग दर रविवारी एका मित्राला फोन करायचो तो बंद, मग गाण्याचा क्लास. वाटायचं हे सगळे लाड आहेत, एवढं काम संपू दे, मग परत सुरू करू, आणि ते संपायच्या आत दुसरं येऊन पडायचं. दीड वर्ष असं गेलं. ज्या चार गोष्टींवर मी तग धरून होतो त्याच आधी काढल्या आणि कामातलं एकही काम कमी केलं नाही, कोणाला नाही म्हटलं नाही. तुम्हीही लिहिलंय की 'सध्या बाकी सगळं बाजूला ठेवलंय', तिथेच मला धस्स झालं.

त्या काळात मी ऑफिसच्या एचआरकडेही गेलो, नाव घेत नाही. त्यांनी फॉर्म भरून घेतला, मेडिटेशन अ‍ॅपची लिंक पाठवली आणि पुढच्याच आठवड्यात मॅनेजरने विचारलं, तुला झेपत नाहीये का? गोपनीय म्हणून सांगितलेलं त्याच्यापर्यंत कसं गेलं हे आजतागायत कोणी सांगितलं नाही, अजून राग येतो. दुखणं कामाच्या तासांचं आणि इलाज अ‍ॅपचा, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. तुम्हाला तिकडे जायचंच असेल तर ही माहिती कोणाकोणाला दिसणार हे आधी लेखी विचारून घ्या.

श्वासाच्या व्यायामाला मी नावं ठेवत नाही हं. मिनिटाला साधारण ६ श्वास, सोडताना जास्त वेळ, याने धडधड खरंच उतरते. पण कामाचा ढीग त्याने उतरत नाही.

पहाटेचं म्हणाल तर कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) सगळ्यांचंच पहाटे चढायला लागतं आणि उठल्यावर अर्ध्यापाऊण तासात सगळ्यात वर असतं, त्यात उत्तररात्रीची झोप मुळात हलकी, त्यामुळे डोक्यात काळजी असली की तेव्हाच जाग येते. हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात बसा, झोप आली की परत जा, नाहीतर पलंग दिसला की काळजी सुरू अशी सवय लागते. कॉफी दुपारच्या आतच संपवा, कॅफिन निम्मं व्हायलाच सरासरी ५ तास लागतात. आणि झोपेसाठी दारू नको, झोप लवकर लागते पण पहाटे हमखास मोडते.

मी परत सुरुवात केली ती रविवारच्या फोनपासून, एकच गोष्ट, महिनाभर. मग संध्याकाळी १५ मिनिटं वहीत दोन रकाने, माझ्या हातातलं आणि हातात नसलेलं, आणि पहिल्या रकान्यातलं एकच काम दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी तिथे लिहिलं होतं, 'रात्री नऊनंतर मेल बघणार नाही.' ते जमायला तीन आठवडे लागले. सगळ्यांना हे लागू पडेल असं नाही, पण सगळं एकदम सुरू करू नका असं माझं ठाम मत आहे.

धडधडीबरोबर छातीत दाब, हात-जबडा दुखणं, धाप असं काही झालं तर जुने रिपोर्ट नॉर्मल होते म्हणून थांबू नका, तडक हॉस्पिटल. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांना सांगा, आणि जगणं नको वाटलं तर त्याच दिवशी. आणि हो, त्या रिपोर्टमध्ये थायरॉईड होतं का? थायरॉईडचं हार्मोन वाढलं तरी अशीच धडधड, चिडचिड आणि झोपमोड होते. माझ्या पहिल्या तपासणीत ते घेतलंच नव्हतं.