बेळगावात राहून खाडीतल्या पक्ष्यांसाठी काम करणारा इकॉलॉजिस्ट होता येतं का? रोजचं काम असतं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात झूलॉजी घेऊन बीएस्सी करतोय, खाडीत पक्ष्यांचा अधिवास पुन्हा उभा करायचं काम करायचंय, पण इथं समुद्रच नाही, मग जमेल का? जमेल की. पण आधी काम काय असतं ते सांगते, म्हणजे त्यात पडायचं की नाही हे तुमचं तुम्हीच ठरवाल.

मी खानापूर तालुक्यातली. काम बहुतेक कारवारला, काळी नदीच्या खाडीत, आणि मधूनमधून कुमट्याजवळ अघनाशिनीवर. पाहुण्यारावळ्यांत सांगितलं, की पक्ष्यांसाठी काम करते, तर ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे झाडं लावता होय?" नाही. झाडं लावणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तर ती लावू नका म्हणून भांडावं लागतं.

का ते बघा. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत आपल्या किनाऱ्यावर येणारे टिलवे, तुतवार, चिखल्या, कोरल हे कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या (मॅन्ग्रोव्हच्या) झाडीत, चरणारे पक्षी नव्हेत. त्यांना ओहोटीला उघडा पडणारा मोकळा चिखल लागतो. कुणी सैबेरियाच्या उत्तर टोकाहून येतो, कुणी तिबेटच्या पठारावरून, आणि परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी याच चिखलातून जमवतो. माणसांना मात्र तो ओसाड दिसतो. मग पाच जूनला बॅनर लावून, फोटो काढून त्यात ओळीनं कांदळाच्या शेंगा खोचल्या जातात. जिथे कांदळ आपणहून उगवत नाही तिथे ती रोपं बहुतेक वाहूनच जातात. जगली तर आणखी वाईट, पक्ष्यांची चरायची जागा गेली. खरं तर सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, २०११ च्या आणि नंतर २०१९ च्या अधिसूचनेत जिवंत चिखलपट्ट्या कांदळवनाच्याच बरोबरीनं, पहिल्या वर्गात धरल्या आहेत. हे फोटो काढणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. आणि जिथे कांदळवन हवंच आहे तिथेही आधी पाण्याची वाट मोकळी करावी. तिवर, चिप्पी, कांदळ यांचं बी पाण्यावर तरंगत येतं. जमिनीची उंची बरोबर असली की कुणी न लावता रुजतं.

चिखलात खायला काही आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा चिखलात दाबायचा, वरचं तोंड तळव्यानं घट्ट बंद करून उपसायचा, आतला चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत घालून खाडीच्याच पाण्यात हलवत राहायचं. गाळ निघून जातो आणि जाळीवर उरतात वळवळणारे लालसर किडे, कणीएवढ्या गोगलगायी, तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) नखाहून लहान पिल्लं. पाइपात वरचा थर किती जाड, काळा थर कुठे सुरू होतो, तेही बघायचं. कुजक्या अंड्याच्या वासाचा काळा गाळ अगदी पृष्ठभागाशी आला असेल तर वरून चिखल कितीही चांगला दिसो, आत फारसं काही जगत नाही. छोट्या टिलव्याची चोच दोन सेंटिमीटरसुद्धा नसते, कोरलची दहा-पंधरा सेंटिमीटर. कुठल्या खोलीवर काय सापडलं यावरून तिथे कोण चरू शकेल याचा अंदाज येतो. हे काम तासन्‌तास वाकून होतं. कंबर सांभाळा.

तारखेपेक्षा तिथी महत्त्वाची होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे छोटी, आणि भरती रोज पाऊणएक तासानं पुढे सरकते. त्यामुळे कधी पहाटे चारला निघायचं, कधी भर दुपारी. भरतीच्या वेळी पक्षी कुठे बसतात हा प्रश्न नवखे लोक विसरतातच. चिखल बुडाला की दोन-तीन तास त्यांना मोकळा बांध, पडीक खाचर असं काहीतरी लागतं, जिथून ससाणा येताना लांबूनच दिसेल. त्या बांधावर सुशोभीकरण म्हणून सुरू किंवा नारळ लावले, की पक्षी तिथे बसायचं सोडतात. मग लांब उडत जाऊन चरबी जाळायची. बांधावरची मोकाट कुत्री हा वेगळाच विषय आहे. त्यावर इथं लिहिलं तर खाली भांडणं लागतील.

आता खरं काम, म्हणजे खाजण. कारवारकडे खाजण, कुमट्याकडे कन्नडात गजनी. खाडीला बांध घालून राखलेल्या भातजमिनी. पावसाळ्यात गोड्या पाण्यानं मीठ धुपून जातं, तेव्हा भात. अघनाशिनीला कग्गा नावाचा उंच वाढणारा, खारं सोसणारा भात अजून काही जण लावतात. कापणी झाली की बांधातलं दार उघडून खारं पाणी आत घ्यायचं आणि उन्हाळ्यापर्यंत कोळंबी, मासे. भात निघतो त्याच सुमाराला पाहुणे पक्षी आलेले असतात. हे वेळापत्रक पक्ष्यांसाठी कुणी बसवलेलं नाही, पण याहून चांगलं मलाही बसवता आलं नसतं.

बिघडलं ते असं. काही बांध फुटून कायमचे पाण्याखाली गेले, काही जमिनी मजूर मिळत नाहीत म्हणून पडीक राहून गवतानं भरल्या. नव्वदच्या दशकात कोळंबीच्या तलावांची लाट आली, मग पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, मग असे तलाव किनारपट्टीतून हटवायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल. सोडून दिलेल्या अशा खोल तलावात बदक पोहेल, टिलवा उभा कुठे राहणार? लहान पायांच्या पक्ष्यांना दोन-चार सेंटिमीटर पाणी पुरे, त्याहून खोल गेलं की ते उतरतच नाहीत.

म्हणून आमचं पुष्कळसं काम दाराशी चालतं. दाराच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत आडव्या फळ्या एकावर एक बसवलेल्या असतात. एक फळी काढली की आतलं पाणी वीतभर उतरतं आणि खाचराच्या कडेला ओल्या चिखलाची पट्टी उघडी पडते. पक्ष्यांना ती पट्टी हवी. कोळंबीचा ठेका घेतलेल्याला पाणी भरलेलं हवं. शेतकऱ्याला जूनच्या आत खारं पाणी जमिनीबाहेर गेलेलं हवं. सगळी खाचरं एकदम न उतरवता आळीपाळीनं उतरवायची, ठेकेदारानं ज्या खाचरातली कोळंबी काढली त्याच्याच फळ्या आधी काढायच्या, अशी तडजोड बहुतेक ठिकाणी निघते. पण ती निघायला बैठकांवर बैठका होतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला बांधावरच विचारलं, "बाय, पक्षी आमचं भात भरून देणार काय?" त्याच्याशी पक्ष्यांबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता. बांधाची खेकड्यांनी पाडलेली भोकं कोण बुजवणार, दारासाठी लाकूड कुठून आणायचं, यावर बोललो आणि ते जमलं.

वरच्या पाण्याचा विचार न करता खाली कितीही राबलात तरी उपयोग नाही. शरावतीवर लिंगनमक्की धरण झालं, वीजनिर्मितीचं गोडं पाणी उन्हाळ्यातही खाली येऊ लागलं, आणि तिच्या खाडीतल्या तिसऱ्या-कालवांचा धंदा बसला. शेजारच्या अघनाशिनीवर मोठं धरण नाही, तिथे शिंपल्यांवर अजून शेकडो घरं चालतात. २०२४ मध्ये त्या खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. काळीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणांची रांगच आहे. आणि आपल्या खानापूरची म्हादई? आपल्याकडे तिचं नाव निघालं की टीएमसी. लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला दिलेले १३.४२ टीएमसी पानटपरीवरही पाठ असतात. पण भीमगडच्या रानातून निघालेली हीच नदी पुढे मांडवी होऊन चोडणच्या सलीम अली अभयारण्याशेजारून समुद्राला मिळते, आणि तिथला खारेपणा वरून येणाऱ्या पाण्यावर ठरतो, हे त्या टपरीवर मी तरी कधी ऐकलं नाही. तेव्हा तुम्ही समुद्रापासून वाटतं तितके लांब नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारलाच, कोडीबागेत आहे. शिरसीचं फॉरेस्ट्री कॉलेज, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचं वन्यजीव जीवशास्त्रातलं एमएस्सी हेही बघा. पगार विचारू नका असं म्हणणार नाही, विचारा. जेआरएफची, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोची, फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. प्रोजेक्ट असिस्टंटला बहुतेक वेळा त्याहून कमी, आणि तेही प्रोजेक्ट असेपर्यंत. खासगी कन्सल्टन्सीत पैसे बरे मिळतात, पण तिथे बहुतेकदा पावसाळा सोडून एकाच ऋतूची पाहणी करून अहवाल द्यायचा असतो. जून ते सप्टेंबर न बघता खाडीबद्दल मत देणं मला पटत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

भाषेबद्दल स्पष्ट सांगते. जमिनीचा उतारा, पंचायतीचा ठराव, वनखात्याचा अर्ज सगळं कन्नडात, बांधावरची माणसं कोकणी बोलणार, अहवाल इंग्रजीत. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असू दे, कन्नडातला अर्ज स्वतः लिहिता आला पाहिजे. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला अर्ज साहेबासमोर आपल्याला समजावून सांगता येत नाही.

सुरुवात घराजवळ करा. गोकाकजवळ धुपदाळचा बंधारा, घटप्रभा पक्षी अभयारण्य, हिवाळ्यात तिथे कांड्या करकोचे येतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, कुणाच्या तरी गटात घुसा आणि मोजायला शिका. ओळखण्यापेक्षा मोजणं अवघड असतं. दुर्बीण ८×४२ ची पुरे. स्कोप, म्हणजे तिपाईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण, संस्थेचा मिळतो, कर्ज काढून घेऊ नका. आणि खाडीत यायचं झालं तर गमबूट आणू नका, ते चिखलातच राहतात आणि पाय तेवढा वर येतो. घोट्यापर्यंत लेस बांधायचे जुने कॅनव्हासचे बूट आणा.