सिट्रोएन दू शव्हो (2CV) या जुन्या फ्रेंच गाडीची छोटी मॉडेल्स जमवायची आहेत. कोणत्या मापाची घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

१:४३ घ्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढी. आणि रंग बघून नाही, साल बघून जमवा.

आधी मापाचं सांगतो. खरी गाडी सुमारे ३.८३ मीटर लांब. १:४३ मध्ये ती जेमतेम ९ सेंटिमीटर होते, तळहातावर मावते, तरी दाराच्या कड्या आणि खिडक्यांच्या चौकटी स्पष्ट दिसतात. १:१८ ची २१ सेंटिमीटरची गाडी देखणी असते, पण चार-पाच घेतल्या की फळी भरली. शिवाय या गाडीचे जेवढे प्रकार १:४३ मध्ये मिळतात, तेवढे दुसऱ्या कुठल्याच मापात नाहीत.

आता सालाचं. ही गाडी १९४८ च्या पॅरिस मोटर शोमध्ये लोकांसमोर आली आणि जुलै १९९० मध्ये पोर्तुगालमधल्या मांग्वाल्दच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. वरवर बघणाऱ्याला वाटतं, इतकी वर्षं एकच गाडी. तसं नाही. सुरुवातीचं बॉनेट पन्हळी पत्र्यासारखं, बारीक बारीक नळ्यांचं. १९६० च्या अखेरीस ते गेलं आणि मोजक्याच पट्ट्यांचं आलं. पुढची दारं १९६४ च्या अखेरीपर्यंत उलटी उघडत, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. फ्रान्समधल्या गाड्यांवर मागच्या दारापलीकडची तिसरी खिडकी १९६५ ची, चौकोनी हेडलाइट १९७४ चे. हे एकदा डोक्यात बसलं की पन्हळी बॉनेट आणि चौकोनी हेडलाइट एकाच मॉडेलवर दिसताक्षणी तुम्हाला कळेल की बनवणाऱ्याने घोळ घातलाय. १९८० ची लाल-काळी शार्लस्टन आवृत्ती तर हमखास फसवते: पहिल्या मालिकेत हेडलाइटच्या वाट्या लाल होत्या, क्रोमच्या नंतर आल्या.

माझ्याकडे ६३ आहेत. त्यांतली जिवाभावाची म्हणजे दू शव्होचाच एक प्रकार, सहारा. या प्रकाराला दोन इंजिनं, एक पुढे, एक मागे डिकीत. अशा ६९४ च बनल्या. माझ्या मॉडेलवर बॉनेटला खोलगट जागा करून स्टेपनी बसवलीय आणि पुढच्या दारात पेट्रोलच्या झाकणासाठी गोल खाच आहे, कारण टाक्या पुढच्या सीटखाली होत्या. मसुराच्या दाण्याएवढी ती खाच, पण तीही सोडली नाही कोणी. भिंगातून बघताना अजूनही अंगावर काटा येतो.

मी ११ वर्षं फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहतो. नोरेव्ह ही मॉडेल बनवणारी कंपनी या शहराला लागून असलेल्या व्हिलरबानमध्ये १९४६ साली सुरू झाली. मालकांचं आडनाव वेरों. ते फ्रेंच अक्षरांत उलटं वाचलं की नोरेव्ह. इथे रविवारी लोक माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडून विकतात. अशाच एका बाजारात मी पन्नाशीच्या दशकातलं एक प्लास्टिकचं मॉडेल खोक्यासकट, चांगले पैसे मोजून घेतलं. घरी काचेवर ठेवलं तर तीन चाकं टेकलेली, चौथं अधांतरी. त्या काळचं सेल्युलोज अ‍ॅसिटेट प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसत जातं, पीळ खातं, आणि ते सरळ करता येत नाही. तेव्हापासून जुनं प्लास्टिक घेताना मी फोनच्या स्क्रीनवर गाडी ठेवून चारही चाकं बघतो. धातूच्या जुन्या मॉडेलचा तळ बघा. रिव्हेट उघडून पुन्हा बसवलेले दिसले तर रंग बहुधा नंतर मारलेला असतो. मूळ रंग चार ठिकाणी उडालेला असला तरी मी तोच घेतो.

महागड्या जुन्या मॉडेलच्या मागे इतक्यात लागू नका. पहिली गाडी नवीनच घ्या: राखाडी, पन्हळी बॉनेटची, १९५० च्या आसपासची. दुकानातच पुढच्या दाराची कडी तपासा. दार उलटं उघडणारं, म्हणून कडी हेडलाइटच्या बाजूला हवी. मागच्या दाराकडे असेल तर ती राहू द्या, दुसरी मागा.