गुडघ्याची वाटी पुन्हा पुन्हा सरकते. कोणती शस्त्रक्रिया करावी?

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याची वाटी तिसऱ्यांदा बाहेरच्या बाजूला सरकली. पहिल्या खेपेनंतर पट्टा आणि व्यायाम झाले होते. आता डॉक्टर लिगामेंट नव्याने घालण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. तेवढ्याने भागेल का, की हाडावरही शस्त्रक्रिया करावी लागेल?
– एक आई

उत्तर : केवळ व्यायामावर विसंबण्याचा टप्पा आता मागे पडला आहे, हे डॉक्टरांचे मत मला योग्य वाटते. वाटी पहिल्यांदा सरकते तेव्हाच तिला आतल्या बाजूने मांडीच्या हाडाशी बांधून ठेवणारे लिगामेंट बहुधा फाटते. ते सैल राहून भरले, तर गुडघा वाकू लागताना, साधारण ३० अंशांपर्यंत, म्हणजे वाटी हाडाच्या खोबणीत नीट बसण्यापूर्वी, तिला आवरणारे फारसे काही उरत नाही. मांडीच्या मागील स्नायूचे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वापरून हे लिगामेंट पुन्हा तयार करता येते आणि अनेक रुग्णांना तेवढे पुरते.

मात्र वाटी मुळात का सरकली, हे आधी ठरले पाहिजे. खोबणी उथळ आहे का, वाटी नेहमीपेक्षा वर आहे का, पाय गुडघ्यात आत वळलेला आहे का, हे एक्स-रे आणि एमआरआयवरून कळते. खोबणीचा मध्य आणि नडगीच्या हाडावरील उंचवटा (वाटीकडून खाली येणारे टेंडन जिथे जोडलेले असते ती जागा) यांतील आडवे अंतर २० मिलिमीटरहून अधिक असेल, तर तो उंचवटा कापून आत सरकवणे व स्क्रूने बसवणे हा उपाय विचारात घेतात. पण हाडांची वाढ चालू असताना तो करत नाहीत, कारण तेथील वाढीच्या थराला इजा झाल्यास नडगी वाकडी वाढू शकते. म्हणून वाढ किती शिल्लक आहे, हा प्रश्न आपण डॉक्टरांना अवश्य विचारावा. वाढ बाकी असली तरी लिगामेंटची शस्त्रक्रिया, मांडीच्या हाडातील वाढीचा थर टाळून, करता येते.

ही शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या तज्ज्ञाचीच निवड करावी, असे मी आग्रहाने सांगेन; मांडीच्या हाडावरील जोडणीची जागा थोडीशी चुकली, तरी गुडघा आखडतो आणि वाटीमागच्या कूर्चेवर ताण येतो. वाटीची बाहेरची बाजू केवळ सैल करण्याची जुनी पद्धत या आजारात एकटी पुरेशी ठरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कुबड्या लागतात आणि मांडीच्या पुढील स्नायूचे व्यायाम कित्येक महिने चालतात. मैदानी खेळ साधारण सहा ते नऊ महिन्यांनी, तेही दोन्ही पायांची ताकद तपासूनच, सुरू करावेत.