चौदाव्या सेकंदाचा हात

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं, व्हिडिओही पाहिला. काळी रेघ ओळखून तिच्यावरून आपोआप पळणारी तुझी गाडी झकास जमली आहे. वायरी नीट बांधल्या आहेत, हे तर फारच थोडे लोक करतात. पण तो व्हिडिओ मी सहा वेळा पाहिला तो चौदाव्या सेकंदासाठी. उजवं वळण येतं, गाडीचं नाक डावी-उजवीकडे झोके खायला लागतं, आणि कोपऱ्यातून एक हात येऊन तिला हलकेच रेघेवर ढकलतो. लगेच चित्र तुटतं आणि पुढे गाडी शहाण्यासारखी पळते. पत्रात त्या हाताबद्दल अक्षर नाही. तू विचारलं आहेस ते वेगळंच: मेकॅट्रॉनिक्स घेऊ, रोबोटिक्सच्या नव्या पदवीला जाऊ, की सरळ मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स?

मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या हातापाशीच दिसतं. पण जरा लांबून येते.

'मेकॅट्रॉनिक्स' हा शब्द विद्यापीठात जन्मला नाही. १९६९ मध्ये यास्कावा या मोटरी बनवणाऱ्या जपानी कंपनीतल्या तेत्सुरो मोरी या अभियंत्याने तो जुळवला. 'मेकॅनिझम'चं डोकं घेतलं आणि त्याला 'इलेक्ट्रॉनिक्स'चं शेपूट लावलं. कंपनीने तो शब्द व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलाही होता, पुढे हक्क सोडला, म्हणून आज कोणीही कॉलेज तो आपल्या पाटीवर लिहू शकतं. युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट तर त्याआधीच, १९६१ मध्ये, जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला होता. शिकवणारे मागून आले. कार्नेगी मेलन विद्यापीठाची रोबोटिक्स इन्स्टिट्यूट १९७९ ची, तिथला रोबोटिक्समधला पीएच.डी.चा अभ्यासक्रम १९८८ चा. जर्मनीने १९९८ मध्ये 'मेकॅट्रॉनिकर' हा साडेतीन वर्षांच्या उमेदवारीचा व्यवसाय अधिकृत केला. वुस्टर पॉलिटेक्निकने २००७ मध्ये रोबोटिक्सची पदवी सुरू केली, तेव्हा अमेरिकेत ती पहिलीच होती. तेव्हा उमेदवारी करून आलेल्या माणसासमोर पदवीचा तोरा मिरवू नकोस. बंद पडलेल्या यंत्रापुढे तोच तुझा गुरू ठरेल.

मुलांच्या बाजूने या विषयाची वाढ निराळ्या वाटेने झाली. सीमोर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी साठच्या दशकाच्या अखेरीस लोगो या प्रोग्रामिंगच्या भाषेतून जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव चालवायला मुलांना शिकवत होते. डीन केमन यांच्या 'फर्स्ट' या संस्थेने १९९२ मध्ये पहिली रोबोट-स्पर्धा भरवली तेव्हा त्यात २८ संघ होते. लेगोचा माइंडस्टॉर्म्स हा रोबोट बनवायचा संच १९९८ मध्ये आला. २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेआ गावातल्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतून अर्डुइनो हा प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड बाहेर पडला आणि मोटर फिरवणं हे एका दुपारचं काम होऊन बसलं. मी शिकत होते तेव्हा त्याच कामाला एक सत्र लागायचं. मला याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

पण हा सोपेपणा कुठून आला, ते नीट बघ. किट बनवणाऱ्याने मधले सगळे सांधे आधीच जोडून ठेवले आहेत. मोटरच्या आत गिअर बसवलेला, मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डावर संरक्षण घातलेलं, प्लग उलटा घुसणारच नाही असा. तयार कोडच्या लायब्ररीतली एक ओळ लिहिली की चाक फिरतं. यांत्रिक भाग, विद्युत भाग आणि प्रोग्राम जिथे एकमेकांना टेकतात तिथेच या विषयाचं सगळं मर्म आहे, आणि नेमकी तीच जागा प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेली असते. सुरुवातीला ते बरोबरच आहे. पोहायला शिकताना कोणी थेट भोवऱ्यात उतरत नाही. फक्त ती डबी कधीतरी उघडायची असते, हे किटच्या पुस्तिकेत छापलेलं नसतं.

माझीच एक फजिती सांगते. आम्ही तिघं मिळून एक छोटी गाडी बनवत होतो. ठरलेल्या चौकोनात फिरून मूळ जागी यायचं, एवढंच काम. पहिल्या पाच फेऱ्या अचूक. नंतर ती दर फेरीला थोडी थोडी तिरकी व्हायला लागली, आणि वीस मिनिटांनी तर भलत्याच कोपऱ्यात उभी. आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्याने चाकांचे व्यास मोजले, आसाची समांतरता तपासली: सगळं बरोबर. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने ऑसिलोस्कोप लावून एन्कोडरचे, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचे, पल्स पाहिले: चौकोनी, स्वच्छ, एकही चुकत नव्हता. प्रोग्राम माझा होता. मी आकडे छापून काढले, आकड्यांप्रमाणे गाडी बरोबर जिथे हवी तिथेच होती. आमचे नऊ दिवस असेच गेले. प्रत्येकाने आपापला भाग निर्दोष ठरवला होता, प्रत्येकाकडे पुरावा होता, आणि गाडी भिंतीला धडकत होती.

शेवटी प्रयोगशाळेतल्या वयस्क तंत्रज्ञांनी येऊन, काही न बोलता, मार्करने मोटरच्या शाफ्टवर आणि चाकाच्या मधल्या भागावर मिळून एक सरळ रेघ ओढली. गाडी दहा मिनिटं फिरवली. रेघेचे दोन तुकडे झाले होते. शाफ्टवरचा तुकडा एकीकडे, चाकावरचा दुसरीकडे. चाक शाफ्टवर पकडून ठेवणारा ग्रब स्क्रू थरथरीने ढिला होऊन चाक किंचित घसरत होतं. एन्कोडर बसवला होता मोटरच्या बाजूला. तो मोटर किती फिरली ते इमानेइतबारे सांगत होता. चाक किती फिरलं हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. (त्या रेघेबद्दल मी नंतर पुष्कळ व्याख्यानांत बोलले आहे, आणि तिथे नऊ दिवसांचे तीन दिवस करून सांगितले आहेत. तुला खरा आकडा सांगितला.)

ही चूक तिघांपैकी एकाच्याही पुस्तकात नव्हती. ती दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत होती. कुठलाही अभ्यासक्रम निवडताना मी आता एवढंच बघते, की तिथे मुलांना त्या फटीत किती वेळ बसवतात.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: पदवीचं नाव बाजूला ठेव. मेकॅट्रॉनिक्सच्या नावाखाली काही ठिकाणी पाच शाखांची पहिली-पहिली प्रकरणं गोळा करून देतात, त्यातून पाचही भाषांत नमस्कार म्हणता येणारा आणि एकाही भाषेत भांडता न येणारा माणूस तयार होतो. उलट जुन्या पद्धतीच्या मेकॅनिकल शाखेतही एखादा असा विभाग सापडतो जिथे तेच चार विद्यार्थी वर्षभर एकच यंत्र बनवतात, चालवतात, मोडतात आणि दुरुस्त करतात. प्रवेश घेण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ. त्यांचा प्रकल्प कसा चालला हे विचारू नकोस. तो शेवटचा बंद कधी पडला आणि कारण कोणी शोधलं, ते विचार. उत्तर रंगवून, हातवारे करत आलं तर जागा चांगली. 'सरांनी बोर्ड बदलून दिला' असं आलं तर जपून. अभ्यासक्रमात गतिशास्त्र आणि नियंत्रण सिद्धान्त गणितासकट आहेत का, तेही बघ. रेषीय बीजगणित टाळून रोबोटिक्स शिकवणारा तुला किट चालवायला शिकवतो आहे. स्वतःपुरतं म्हणशील तर एका शाखेत खोल जा, आणि बाकीच्या दोन शाखांतला बिघाड ओळखण्याइतकं त्यांत उतर.

गणिताचं म्हणते त्याला कारण आहे. साधनं भराभर मरतात. मी ज्याचं नाव घेतलं तो माइंडस्टॉर्म्स लेगोने २०२२ च्या अखेरीस बंद केला. संशोधनातले रोबोट ज्यावर चालतात त्या रॉस (ROS) या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पिढीचा आधार मे २०२५ मध्ये संपला, सगळ्यांना दुसऱ्या पिढीवर जावं लागलं. आता याच्या समोर १९२२ ठेव. त्या वर्षी निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूवर एक निबंध प्रसिद्ध केला. कसलेला सुकाणूवाला काय करतो याचं त्यांनी निरीक्षण केलं होतं. जहाज आत्ता किती भरकटलं आहे एवढ्यावर तो हात चालवत नाही. आतापर्यंत एकाच बाजूला किती ओढलं गेलं याचा हिशोब त्याच्या मनात असतो, आणि वळण कोणत्या वेगाने वाढतं आहे ते पाहून तो आधीच उलटा हात देतो. या तीन गोष्टींची बेरीज म्हणजेच आज तू ज्याला पीआयडी म्हणतोस ते. शंभर वर्षं होऊन गेली, पण तुझ्या गाडीच्या चौदाव्या सेकंदाला तोच सुकाणूवाला हवा होता.

आता तिथेच येऊ. माझा अंदाज असा, की तू फक्त पहिली गोष्ट वापरली आहेस: रेघ जेवढी सुटली तेवढं वळव. सरळ रस्त्यावर ते भागतं. वळणावर गाडी रेघेकडे येताना वेगात असते, मध्यावर थांबत नाही, पलीकडे जाते, पुन्हा परतते. हेच ते झोके. गुणक, म्हणजे चुकीला ज्या आकड्याने गुणून वळवतोस तो, कमी केलास तर झोके कमी होतील पण वळण सुटेल. सुकाणूवाल्याची तिसरी गोष्ट, म्हणजे बदलाच्या वेगाची संज्ञा, त्यात घाल, ब्रेकसारखी काम करेल. पण आधी बॅटरीचा व्होल्टेज मोज. व्हिडिओ नव्याने चार्ज केलेल्या बॅटरीवर काढला होतास ना? भरलेल्या बॅटरीवर तोच कोड गाडीला जास्त वेग देतो, आणि काल नीट वळलेली गाडी आज झोके खाते. 'कोडला हात लावला नाही, तरी बिघडली' असं मुलं शपथेवर सांगतात. बहुतेक वेळा ती खरंच बोलत असतात.

बॅटरीचंच आणखी एक. थांबलेली मोटर सुरू होते त्या क्षणी तिच्यात उलट व्होल्टेज (मोटर फिरू लागली की तयार होऊन करंटला अडवणारा) तयार झालेला नसतो. करंटला अडवायला फक्त तारेच्या वेटोळ्याचा रोध असतो, म्हणून पहिला झटका धावत्या मोटरच्या करंटच्या कितीतरी पट असतो. त्या झटक्याने बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, आणि त्याच बॅटरीवर जगणारा तुझा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी चिप, रिसेट होतो. लक्षण दिसतं प्रोग्राममध्ये, दुखणं विजेत, आणि मूळ कारण कधीकधी चाकात अडकलेला केस. असे बिघाड सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या नकली गाडीवर, भेटत नाहीत. तिथल्या बॅटऱ्या थकत नाहीत, तिथले स्क्रू ढिले होत नाहीत. सिम्युलेटर वापर, भरपूर वापर, पण त्याच्यावर शिकलेली गाडी जमिनीवर उतरली की पहिल्या मिनिटाला काय करते ते लिहून ठेव.

एका बाबतीत मात्र मी तुला मोकळीक देणार नाही. औद्योगिक रोबोटला जवळ उभं राहून हाताने शिकवताना त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवतात, म्हणजे माणसाला हात काढून घ्यायला वेळ मिळतो. आणि थेराक-२५ हे नाव शोधून वाच. किरणोपचाराचं यंत्र होतं. आधीच्या मॉडेलांमध्ये चुकीचा मारा रोखणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक कुलपं होती. नव्यात ती काढून तो भार सॉफ्टवेअरवर टाकला. १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा बसली, काही दगावले. तुझ्या गाडीने फार तर नडगी फुटेल, पण सवय आत्ताच लागते. थांबवण्याचं बटण मोटरची वीजच तोडेल असं जोड. ते बटण प्रोग्रामने वाचायचं आणि मग प्रोग्रामने ठरवायचं, अशी रचना माझ्या प्रयोगशाळेत कोणी आणली तर मी ती टेबलावरून उचलून ठेवते.

तू शेवटी विचारलं आहेस की कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं शिकून घेणार असेल तर कशाला एवढा खटाटोप. हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलं, की संगणकाला बुद्धीच्या चाचणीत मोठ्या माणसाइतकं यश मिळवून देणं तुलनेने सोपं, आणि वर्षभराच्या बाळाइतकं बघायला-चालायला शिकवणं महाकठीण. ती दरी आता थोडी बुजली आहे, पण बुजवणाऱ्यांचे रोबोटही पडतात, आणि ते का पडले हे शोधायला कोणीतरी गुडघे टेकून खाली बसतंच. त्यांच्यात तू असावंस असं मला वाटतं. हात दिसत असतानाही तू व्हिडिओ पाठवलास, यावरून तुझ्यात ते आहे असं धरून चालते.

पुढचा व्हिडिओ न कापता पाठव, हातासकट. आणि आज रात्रीच उजव्या चाकावर आणि शाफ्टवर मिळून मार्करची एक रेघ ओढ. दहा मिनिटं फिरव, आणि रेघ कुठे आहे ते कळव.

तुझी,
मॅडम