मध्ययुगीन चर्च पाहायची तर किलपेकपासून सुरुवात करा

तुम्ही नवीन आहात, म्हणून सांगते. इंग्लंडमधल्या मोठ्या कॅथेड्रलांकडे एवढ्यात वळू नका, आधी हेरफर्डशरमधलं किलपेकचं गावातलं चर्च पाहा. ते साधारण ११४० सालचं, लालसर वालुकाश्मातलं आहे. रचना अगदी सोपी: लोकांसाठी मुख्य भाग, पुढे पाद्र्यांची जागा, शेवटी अर्धवर्तुळाकार टोक. एवढं कळलं की आत घाई केली तरी चालेल.

खरा वेळ दक्षिणेच्या दारापाशी द्या. बाहेरच्या खांबांवर साप आहेत, प्रत्येकाने पुढच्याची शेपटी गिळलेली. डावीकडे वेलींत गुंतलेले, सैल विजारी घातलेले दोन योद्धे. इतकं खोल आणि धारदार कोरीवकाम नॉर्मन काळातलं (१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरचं) फार कमी ठिकाणी टिकलंय. मग दुर्बीण घेऊन छताखाली भिंतीतून पुढे आलेले कोरीव आधारदगड पाहा. तिथे कुत्रा आणि ससा शेजारी बसलेत, मला सगळ्यांत लाडके. हे बघायला सकाळची तिरपी उन्हं उत्तम.

मुख्य भागाचा ईशान्य कोपराही नक्की तपासा. तिथली भिंत आधीच्या सॅक्सन (नॉर्मनांपूर्वीच्या काळातल्या) चर्चची मानली जाते. आणि पश्चिमेला किल्ल्याचं टेकाड आहे, तेही चढून या. चर्च बांधवून घेणारा जमीनदार तिथेच राहत असे.