बिशपसाहेबांचा शिक्का आणि कलम ३६

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका वाचकांनी लिहिलंय. मिशन कंपाउंडातली रस्त्यालगतची खोली तेव्हाच्या बिशपसाहेबांनी २०१२ मध्ये त्यांना २९ वर्षांसाठी दुकानाला दिली, चार लाख अनामत घेतली. ते बिशप निवृत्त झाले. नव्या बिशपांचं पत्र आलं: तीस दिवसांत जागा रिकामी करा. 'एका बिशपने दिलेला शब्द दुसऱ्याला मोडता येतो का?'

असे कागद माझ्याकडे दर वर्षी येतात, आणि दर वेळी हाच प्रश्न. मोडायला आधी काही दिलेलं असावं लागतं.

तुमच्या कागदाचा फोटो मोठा करून पाहिला. शंभराचा स्टॅम्प, जांभळा शिक्का, शिक्क्यात बिशपांची उंच टोपी, कोपऱ्यात नोटरीची लाल मोहर. सुरुवात 'मी, बिशप या नात्याने' अशी. विश्वस्तांचा ठराव नाही, धर्मादाय आयुक्तांच्या आदेशाचा क्रमांक नाही, नोंदणी तर नाहीच. एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, हे चार लाख मोजण्याआधी कोणालाही विचारलं असतंत तरी कळलं असतं.

बिशप पाळकांना म्हणजे पाद्र्यांना दीक्षा देतो, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा पक्की करण्याचा विधी) करतो, गावोगावच्या मंडळ्यांवर पाळक नेमतो, धर्मप्रांताच्या म्हणजे त्याच्या हाताखालच्या इलाख्याच्या परिषदेचं अध्यक्षपद सांभाळतो. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं हे पद १९७० साली नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च विलीन होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा नव्या चर्चमध्येही आलं, पण कारभार परिषदेला धरून. इंग्रजांच्या काळात बिशपला 'लाट पाद्री' म्हणत. भारतातलं अँग्लिकन चर्च सरकारपासून वेगळं होऊन १९३० पासून आजवर इतकी वर्षं झाली, तरी शिक्का दिसला की आपले लोक अजून हात जोडतात. जमीन ट्रस्टची असते. बिशप फार तर विश्वस्तांपैकी एक.

तुमचं सगळं प्रकरण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ वर अडतं. ट्रस्टची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. नसेल तर पट्टा वैध नाही, मग सही कोणाचीही असो. २०१७ च्या दुरुस्तीने मागाहून मंजुरीची फट ठेवली आहे, पण ती अगदी अपवादात्मक परिस्थितीसाठी. तिच्या भरवशावर राहू नका.

हीच तपासणी समोरच्यांचीही करा. तुम्ही म्हणता, उताऱ्यावर अजून नुसतं 'मिशन' लिहिलंय. मग आजचे बिशप कोणत्या ट्रस्टच्या वतीने जागा मागतात? धर्मादाय कार्यालयातून त्या ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा काढा, विश्वस्त म्हणून कोणाची नावं चढली आहेत ते बघा. गुजरातमधल्या ब्रदरेन चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय की चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून जुन्या ट्रस्टची मिळकत आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. तुमच्या जागेला हे लागू पडेलच असं उतारा पाहिल्याशिवाय म्हणणार नाही.

बिशपांचं पत्र म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. कायदेशीर मार्गाशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही. कुलूप तोडून काढलंच, तर ताबा परत मागायला सहा महिन्यांची मुदत आहे. दावा भाडे कायद्याखाली चालेल की दिवाणी न्यायालयात, ते तुमच्या पावत्यांवर ठरेल.

खरी घाई अनामतीची. पत्र गेल्या दिवाळीआधी आलं आणि तुम्ही ते घडी घालून कपाटात ठेवलंत! पैसे परत मागायची मुदत साधारण तीन वर्षांची, आणि ती कधीपासून मोजायची यावर समोरचा वकील वर्षभर तारखा घेईल. पुढच्या आठवड्यात लेखी उत्तर द्या: जागेवर तुमचा हक्क नाही असं कुठेही कबूल न करता, चार लाखांची मागणी स्पष्ट लिहून. भाडं चेकने पाठवत राहा, घेतलं नाही तर मनीऑर्डरने. उत्तराला पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. मूळ पावत्या मात्र कोणाच्याही हाती देऊ नका, पाळकसाहेबांच्यासुद्धा.