वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे : चौकातला अपघात आणि विजेवरची स्कूटर

मराठवाड्यातील शहरांत विजेवर चालणाऱ्या स्कूटरांची संख्या वाढली तशी त्यांच्या अपघातांविषयीची पत्रेही या सदराकडे अधिक येऊ लागली आहेत. त्यांतील बहुतेक अपघात चौकांत घडलेले आहेत. या अंकात त्यांपैकी काही पत्रांना उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न (लातूर) : माझे पती वायरमन आहेत; वय 38 वर्षे. रात्री साडेनऊच्या सुमारास इलेक्ट्रिक स्कूटरवरून औसा रस्त्याने घरी येत असताना एका चौकात समोरून आलेला टेम्पो अचानक उजवीकडे वळला आणि त्यांना धडकला. त्या वेळी सिग्नल बंद होता. मांडीचे हाड मोडले, दोन शस्त्रक्रिया झाल्या. आता शिडीवर चढता येत नाही. पंचनाम्यात 'स्कूटर वेगात आली' असे लिहिले गेले आहे. विमा कंपनीचा माणूस म्हणतो की या गाडीला आवाज नसतो, म्हणून निम्मी चूक तुमचीच. टेम्पोमालक चाळीस हजार रुपये देऊन स्टँप पेपरवर सही मागतो आहे. काय करावे?

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक गोष्ट करा : त्या स्टँप पेपरवर सही करू नका. टेम्पोचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून यायची आहे. 'माझी काही तक्रार उरलेली नाही' असा कागद एकदा तयार झाला की तो पुढे प्रत्येक तारखेला तुमच्यासमोर ठेवला जाईल. चौकात किंवा पोलीस ठाण्याच्या ओट्यावर मिटवलेल्या प्रकरणांत जखमी माणसाच्या पदरात त्याच्या हक्काचा फार लहान भाग पडतो. म्हणूनच हे इतक्या आग्रहाने सांगत आहे.

आता चुकीच्या वाटणीविषयी. जखमी व्यक्तीचा स्वतःचाही काही दोष असला तरी तिचा दावा बुडत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरण, म्हणजे अशा भरपाईचे दावे चालवणारे न्यायालय, दोषाचे प्रमाण ठरवते आणि तेवढाच हिस्सा भरपाईतून वजा होतो. हे प्रमाण विमा कंपनीचा माणूस ठरवत नाही, तसेच ते गृहीतही धरता येत नाही. तुमच्या पतींची चूक झाली असे म्हणणाऱ्या कंपनीलाच ती पुराव्याने दाखवून द्यावी लागते. सिग्नल बंद असला म्हणजे चौकात नियमच उरत नाहीत असा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. चौकाजवळ येताना वेग कमी करणे आणि इतरांना धोका होणार नाही याची खात्री झाल्याशिवाय चौकात न शिरणे हे प्रत्येक चालकाचे कर्तव्य आहे; त्यातही समोरून येणारा रस्ता ओलांडून वळणाऱ्यावर काळजीची जबाबदारी अधिक असते.

आवाजाच्या युक्तिवादाने तर मुळीच खचून जाऊ नका. वळणाऱ्या चालकाने समोर पाहायचे असते. कानाने अंदाज घेऊन वळायचे नसते. शिवाय एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा गाडी चालू असताना आपोआप पेटलेलाच राहतो. रात्री साडेनऊला पेटलेल्या दिव्यासह समोरून येणारी गाडी दिसली नाही, असे टेम्पोचालकाचे म्हणणे असेल तर ते त्याच्याच निष्काळजीपणाकडे बोट दाखवते.

पंचनामा हा अखेरचा शब्द नाही. फौजदारी खटल्याप्रमाणे येथे संशयातीत पुरावा लागत नाही. कोणती बाजू अधिक संभाव्य आहे एवढे न्यायाधिकरण पाहते. त्यामुळे घटनास्थळाचा नकाशा, रस्त्यावरील चाकांच्या घसटीच्या खुणा, टेम्पोचा नेमका कोणता कोपरा चेपला याची छायाचित्रे आणि चौकातील दुकानदारांची साक्ष यांना मोठे मोल आहे. दुकानांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती दुकानदाराला आणि तपास अधिकाऱ्याला आजच द्या आणि पोच घ्या. चित्रणाची प्रत मिळाली तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्रही घ्यावे लागेल; त्याविना प्रत ग्राह्य धरताना अडचण येते.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीत आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे गाडीतील नोंद. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वेग आणि प्रवासाची माहिती साठवली जाते व मोबाइल ॲपमधून तिचा काही भाग पाहताही येतो. ॲप काढून टाकू नका, फोन बदलू नका. कंपनीला पत्र व ईमेल पाठवून अपघाताच्या दिवसाची संपूर्ण नोंद मागा. कंपनीने टाळाटाळ केल्यास ती नोंद हजर करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, कारण कागदपत्रे मागवण्याच्या बाबतीत त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र ही नोंद दोन्ही बाजूंनी बोलते. वेग खरोखरच जास्त असेल तर तेही तिच्यात असेल. म्हणून ती हाती आल्यावर आपल्या वकिलांना आधी दाखवा.

रक्कम कशी ठरते ते उदाहरणाने सांगतो. पतींचे उत्पन्न महिना 15,000 रुपये धरले तर वर्षाचे 1,80,000 होतात. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या व चाळिशीच्या आतील व्यक्तीसाठी भविष्यातील वाढ म्हणून त्यात 40 टक्के मिळवले जातात, म्हणजे 2,52,000. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरला वर्मा प्रकरणात घालून दिलेल्या तक्त्यानुसार 36 ते 40 वयोगटासाठी गुणक 15 आहे. गुणाकार 37,80,000 येतो. यातून कमाईची जितकी टक्के क्षमता गेली तितका भाग मिळतो. ती 30 टक्के धरली तर 11,34,000 रुपये. चुकीचा चौथा हिस्सा पतींवर टाकला गेला तरी 8,50,500 उरतात. औषधोपचाराचा खर्च, काम बुडालेल्या महिन्यांची कमाई आणि सोसलेल्या वेदनांची भरपाई यांचा हिशेब वेगळा होतो. या आकड्यांच्या शेजारी ते चाळीस हजार ठेवून पाहा.

येथे डॉक्टरांच्या दाखल्याविषयी सावध राहायला हवे. पायाचे अपंगत्व 20 टक्के असा दाखला मिळाला म्हणजे कमाईचे नुकसानही 20 टक्केच, असे नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन स्वतंत्र बाबी आहेत. टेबलाशी बसून काम करणाऱ्याचा पाय अधू होणे आणि शिडीवर चढणाऱ्या वायरमनचा पाय अधू होणे यांतला फरक न्यायाधिकरणासमोर साक्षीतून यावा लागतो. ज्या ठेकेदारांसाठी किंवा घरमालकांसाठी पतींनी काम केले त्यांना साक्षीला बोलवा. बँकेचे पासबुक, फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी आणि कामाच्या पावत्या जपून ठेवा.

गंभीर दुखापतीसाठी, चूक कोणाची याचा विचार न करता अडीच लाख रुपये देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये आहे (या सदरातील पुढची कलमेही याच कायद्याची). मृत्यू झाल्यास ही रक्कम पाच लाख असते. विमा कंपनी तडजोडीच्या वेळी तेवढ्यावर प्रकरण संपवायला सांगू शकते. ती रक्कम स्वीकारली तर कलम 166 खालचा, म्हणजे दुसऱ्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा, तुमचा मोठा दावा संपतो. तुमच्या प्रकरणात मी ती स्वीकारू नये असेच म्हणेन.

दाव्यासाठी मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर थांबू नका. 2022 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो, आणि न्यायाधिकरण पोलिसांचा अहवाल हाच दाव्याचा अर्ज मानू शकते. तो गेला की नाही हे पोलीस ठाण्यात लेखी विचारा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : मैत्रिणीच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर आम्ही तिघी बसलो होतो, मी सर्वांत मागे. जालना रस्त्यावरील चौकात कारची धडक बसून माझा हात मोडला. ट्रिपल सीट असल्यामुळे काहीच मिळणार नाही, असे सर्वजण म्हणतात.

उत्तर : ट्रिपल सीट बसणे हा नियमभंग आहे आणि त्याचा दंड होतो. पण तेवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा दुखापत वाढली असा कार्यकारणसंबंध सिद्ध व्हावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दीकी प्रकरणात 2020 मध्ये सांगितले आहे. हेल्मेटचेही तसेच आहे. हेल्मेट नव्हते म्हणून मोडलेल्या हाताची भरपाई कमी होण्याचे कारण नाही.

आपण गाडी चालवत नव्हता. त्यामुळे कारचालक आणि मैत्रीण या दोघांचीही चूक निघाली तरी आपण संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणा एकाकडून मागू शकता (खेनयेई प्रकरण, 2015). ती कारच्या विमा कंपनीकडूनच मागावी हे उत्तम, कारण स्कूटरचा विमा केवळ थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्याला त्यात संरक्षण मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर मिळते.

प्रश्न (परभणी) : वसमत रस्त्यावर चौक ओलांडताना माझ्या 64 वर्षांच्या आईला नंबरप्लेट नसलेल्या छोट्या इलेक्ट्रिक स्कूटरने धडक दिली. खुब्याचे हाड मोडले. चालवणारा म्हणतो, या गाडीला पासिंग, लायसन्स, विमा काहीच लागत नाही. मग भरपाई कोण देणार?

उत्तर : त्याचे म्हणणे अर्धे खरे असू शकते. ज्या गाडीच्या मोटारीची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि तसे पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केले आहे, ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी, परवाना, विमा यांची सक्ती नाही, आणि म्हणूनच तिच्याविरुद्धचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालत नाही. अशा वेळी चालकाविरुद्ध दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावावा लागतो. निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा मात्र त्याच्यावरही दाखल होतो.

परंतु ती गाडी खरोखर त्या मर्यादेतली आहे का, हा आपल्या प्रकरणातील कळीचा प्रश्न आहे. कंट्रोलर (मोटारीचा वेग नियंत्रित करणारा भाग) बदलून वेग वाढवलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत. गाडी जप्त करून परिवहन कार्यालयाच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून तिची तपासणी करावी, असा लेखी अर्ज पोलिसांना ताबडतोब द्या. ती एकदा मालकाच्या ताब्यात परत गेली की मूळ सुटे भाग बसवायला वेळ लागत नाही. वेग 25 च्या वर निघाला तर ते विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरेल, दावा न्यायाधिकरणात चालेल आणि रक्कम मालकाला स्वतः भरावी लागेल. त्याने न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते.

अशी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्यांनीही हे लक्षात ठेवावे. विम्याची सक्ती नाही, पण दुसऱ्याला इजा झाली तर देणे चुकत नाही. याच गाडीवर असताना एखाद्या कारने आपल्याला धडक दिली, तर मात्र कारच्या विम्यावर आपला नेहमीसारखाच हक्क असतो.

प्रश्न (नांदेड) : माझा पंधरा वर्षांचा मुलगा क्लासला स्कूटर घेऊन गेला. चौकात त्याची धडक बसून एक सायकलस्वार जखमी झाला. गाडीचा विमा आहे. आमच्यावर काय जबाबदारी येईल?

उत्तर : जबाबदारी गंभीर आहे. कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत त्याने गाडी नेली, किंवा ती नेऊ नये म्हणून आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची मुभा आहे. पण तो रोजच गाडी नेत असेल तर हा बचाव खोटा ठरेल आणि तो करूही नये. सायकलस्वाराला रक्कम द्यायला विमा कंपनीला सांगितले जाऊ शकते. त्यानंतर ती कंपनी तेवढी रक्कम आपल्याकडून वसूल करू शकते. आज त्या माणसाचा दवाखान्याचा खर्च उचलणे आपल्या हाती आहे. तो उचला, आणि त्याबदल्यात त्याच्याकडून कोणताही कागद लिहून घेऊ नका.

प्रश्न (बीड) : भावाचा अपघात पुण्यात झाला, धडक देणारे वाहन पळून गेले. पुण्याला खेटे घालावे लागतील का?

उत्तर : वाहनाचा शोध लागला तर दावा आपण राहता त्या जिल्ह्यातही लावता येतो, म्हणजे बीडमध्येच. शोध लागलाच नाही तर कलम 161 खालच्या योजनेतून गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज जेथे अपघात झाला त्या भागातील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. याशिवाय 2025 च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. दाखल करतेवेळीच रुग्णालयाला त्याविषयी विचारावे.

प्रश्न (जालना) : चौकात ब्रेक दाबूनही स्कूटर थांबली नाही आणि मी दुभाजकावर आदळलो. दुसरे वाहन नव्हते. दावा कोणावर?

उत्तर : स्वतःच्या गाडीवर, दुसऱ्या कोणाची चूक नसताना झालेल्या दुखापतीसाठी कलम 166 खाली दावा होत नाही. गाडीचे मालक आपण स्वतः असाल तर पॉलिसीतील 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण पाहा. ते मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठी असते. ब्रेकमधील दोष हा उत्पादनातला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली निर्माता आणि विक्रेता यांच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तेथे दोष सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे आणि त्याचा मुख्य पुरावा म्हणजे ती गाडीच. म्हणून तज्ज्ञाची लेखी तपासणी होईपर्यंत ती शोरूमला दुरुस्तीसाठी देऊ नका आणि तिचे सॉफ्टवेअर अपडेट करू नका.